परकी भांडवल आणि आपले धुरीण

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



प्रथम श्रीसंत संताजी महाराज जगनाडे यांच्या चरणी विनम्र अभिवादन करून आम्ही आमच्या विषयाकडे वळतो. परदेशांतील भांडवल आपल्या देशात उत्तरोत्तर वाढत्या प्रमाणावर येत आहे. त्याकडे आपल्या देशातील धुरीण मंडळी, म्हणजे कारखानदार, अर्थवेत्ते, राज्यकर्ते आणि शहरांतील सुशिक्षित वर्ग, कोणत्या दृष्टीने पाहत आली, हा आजच्या व्याख्यानाचा विषय होय. धुरीण म्हणजे धुरा वाहणारा. शब्दाचा हा मूळ अर्थ आपण ध्यानात ठेवावा, कारण शेवटी आम्हांस त्याच अर्थाकडे यावयाचे आहे.

मेळाव्यात असा रुक्ष विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे, की हा विषय आपल्या घरात कधीच शिरला आहे. ज्या चाकणच्या भूमीत संताजी महाराजांचा जन्म झाला, त्याच चाकणच्या माळावर आज जर्मन मोटारींचे कारखाने उभे आहेत, आणि आपली कितीतरी मुले तेथे पाळ्या करीत आहेत. दुसरीकडे आपल्यातील अनेकांची किराण्याची व तेलाची दुकाने आहेत, आणि परदेशी पैशावर चालणाऱ्या कंपन्या घरपोच माल देऊ लागल्यामुळे त्यांची गिऱ्हाइके तुटत आहेत. एकाच घरात मुलगा परक्या भांडवलाचे पगारपत्रक घेऊन येतो आणि बाप त्याच भांडवलाच्या नावाने बोटे मोडतो. जेवणाच्या पाटावर जो वाद उद्भवतो, तो नुसत्या पिढ्यांचा वाद नव्हे. तो निवळावा म्हणून या प्रश्नाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे.

या वादाचे मूळ शंभर-सव्वाशे वर्षांहून जुने आहे. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीशी करार झाला आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. शाळेत मुलांना आपण इतके शिकवितो. परंतु त्या करारातील मुख्य कलम शिकवीत नाही. इंग्लंडातील भागधारकांनी गुंतविलेल्या पैशावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. रेल्वेला तेवढा नफा झाला नाही, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे येथील रयतेच्या सारापट्टीतून भरून निघावयाची. जमीनही फुकट द्यावयाची. नफा झाला तर त्यांचा, तोटा झाला तर आमचा, असा तो सरळ हिशेब होता. ज्याला तोट्याचे भय नाही, तो काटकसर कशाला करील? बांधकामाचा खर्च बेसुमार वाढला आणि त्याचे व्याज वर्षानुवर्षे रयतेने भरले.

यावर आपल्या त्या काळच्या थोर पुरुषांत मतभेद होता. दादाभाई नौरोजींचे म्हणणे असे, की परक्या राजवटीखाली येणारे परके भांडवल हे साहाय्य नसून शोषण आहे. येथूनच वाहून गेलेली संपत्ती विलायती भांडवल म्हणून परत येते आणि पुन्हा नफा घेऊन जाते. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा हिशेब आकड्यांनिशी मांडला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची दृष्टी निराळी होती. १८९० मध्ये पुण्यास भरलेल्या औद्योगिक परिषदेत त्यांनी असे प्रतिपादन केले, की नुसती गाऱ्हाणी गात बसणे योग्य नव्हे. कमी व्याजाने भांडवल मिळत असेल तर ते घ्यावे, त्याबरोबर येणारी विद्या व कारागिरी शिकावी आणि आपल्या पायांवर उभे राहावे. दोघेही देशभक्त आणि दोघेही निःस्वार्थी होते. एकाने जाणाऱ्या पैशाकडे बोट दाखविले, दुसऱ्याने येणाऱ्या विद्येकडे. आमच्या मते दोन्ही बोटे योग्य दिशेनेच होती.

पुढे देशी कारखानदारांचा वर्ग उदयास आला आणि या प्रश्नात स्वार्थाचा धागा गुंफला गेला. १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा स्वदेशीच्या लाटेत सुमारे ८,००० हिंदी भागधारकांनी अवघ्या तीन आठवड्यांत ते उभे करून दिले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजींसमवेत सिंदिया जहाज कंपनी काढली आणि भाड्याच्या जीवघेण्या चढाओढीत बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांशी टक्कर दिली. मात्र याच वालचंदांनी मोटारींचा कारखाना काढताना अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीचे साहाय्य घेतले. यात विसंगती नाही. परके ज्ञान हवे, परके धनीपण नको, ही त्यांची भूमिका होती. १९३० नंतर परदेशी कंपन्या येथे शाखा काढून त्यांच्या नावापुढे ‘इंडिया लिमिटेड’ असे शब्द जोडू लागल्या, तेव्हा ही स्वदेशीची वस्त्रे पांघरलेली परदेशी मंडळी होत, अशी हाकाटी आपल्या कारखानदारांनी केली. १९४४ मध्ये टाटा, बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास प्रभृतींनी जी ‘मुंबई योजना’ मांडली, तीत १५ वर्षांत १०,००० कोटी रुपयांचा खर्च धरला होता आणि परदेशी कर्जाचा वाटा अवघा ७०० कोटींचा होता. म्हणजे पैसा कर्जाऊ आला तर चालेल, मालक म्हणून नको. स्वातंत्र्यानंतर ६ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी जाहीर केले, की परक्या भांडवलास देशी भांडवलासारखेच वागविले जाईल, नफा बाहेर नेता येईल आणि राष्ट्रीयीकरण झालेच तर योग्य मोबदला मिळेल.

येथे क्षणभर थांबून आपल्या घाण्याकडे पाहू. लिव्हर बंधूंच्या विलायती भांडवलाने १९३२ च्या सुमारास मुंबईत शिवडीस वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला आणि १९३७ पासून ‘डालडा’ हे नाव घरोघरी पोचले. १९५६ मध्ये त्या समूहाच्या कंपन्या एकत्र होऊन हिंदुस्थान लिव्हर झाली आणि तिने १० टक्के भाग हिंदी जनतेस दिले. आपला घाणा परक्या भांडवलाने बंद पाडला, असे आपल्यात पुष्कळदा बोलले जाते. परंतु सत्य याहून कडू आहे. गावोगावच्या बैलघाण्यास मोठा धक्का दिला तो यंत्रावर चालणाऱ्या तेलगिरण्यांनी, आणि त्या बहुतांशी देशी मालकांच्या होत्या. जे कारखानदार परक्या स्पर्धेविरुद्ध सरकारकडे संरक्षण मागत होते, त्यांपैकी किती जणांनी आपल्या बैलघाण्याला संरक्षण मागितले? आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय केवळ घरगुती भांडणात चालतो असे नाही. बैल सोडून दिलेल्या माणसाला गिरणीमालक गोरा की काळा, याने फारसा फरक पडला नाही.

आता स्वातंत्र्योत्तर काळाचे दुसरे पर्व. १९७३ च्या परकी चलन नियमन कायद्यान्वये बहुतेक परदेशी कंपन्यांस आपला वाटा ४० टक्क्यांपर्यंत उतरविणे भाग पडले. १९७७ मध्ये कोका-कोला कंपनी आणि १९७८ मध्ये आय.बी.एम. येथून निघून गेल्या. ज्या राहिल्या त्यांनी आपले भाग हिंदी जनतेस विकले. शहरांतील नोकरदारांनी ते हौसेने घेतले. आणि भाग घरात आल्यावर त्या कंपन्यांविषयी बोलण्याचा त्यांचा सूरही सौम्य झाला. १९९१ मध्ये गंगाजळी आटली. जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकी चलन उरले आणि त्या जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून रवाना झाले. ज्या देशात गृहिणी मंगळसूत्राखेरीज सर्व दागिने गहाण टाकील पण बोभाटा होऊ देणार नाही, त्या देशाला ही गोष्ट जिव्हारी लागली. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने अग्रक्रमाच्या अनेक उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परक्या मालकीस विनासायास परवानगी मिळाली.

तेव्हा आपल्या धुरिणांची प्रतिक्रिया काय झाली? आरंभी स्वागत झाले. परंतु १९९३ मध्ये पुण्याचे राहुल बजाज प्रभृती काही कारखानदार मुंबईत एकत्र जमले. त्या मंडळीस वृत्तपत्रांनी ‘बॉम्बे क्लब’ असे नाव दिले. परदेशी कंपन्यांस स्वस्त भांडवल मिळते, आम्हांस महाग व्याज भरावे लागते. तेव्हा आधी मैदान सपाट करा आणि मग सामना लावा, अशी त्यांची मागणी होती. ती सर्वस्वी गैर होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु चाळीस वर्षे परवान्यांच्या कुंपणाआड ज्यांनी गिऱ्हाइकास स्कूटरसाठी वर्षानुवर्षे तिष्ठत ठेवले, त्या उद्योगांनी मैदानाची तक्रार करावी, याचे सामान्य माणसास हसू आले.

काळ पालटला. टाटांनी २००७ मध्ये कोरस ही युरोपातील पोलाद कंपनी आणि २००८ मध्ये जग्वार-लँड रोव्हर ही ब्रिटिश मोटार कंपनी विकत घेतली. बजाजांनी २००७ मध्ये ऑस्ट्रियातील के.टी.एम. या मोटारसायकल कंपनीत भाग घेतले. आपलेच कारखानदार आता परदेशात ‘परके भांडवलदार’ झाले. ज्याला दुसऱ्याच्या दारात जावयाचे आहे, त्याला आपले दार लावून कसे घेता येईल? तेल्याच्या घरचेच उदाहरण घ्यावयाचे तर, अदानी समूहाने १९९९ मध्ये सिंगापूरच्या विल्मार कंपनीशी खाद्यतेलात भागीदारी केली, धंदा देशभर वाढविला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्या भागीदारीतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. यात दोष देण्यासारखे काही नाही. व्यापारी व्यापार करणारच. एवढेच पाहावे, की प्रतिस्पर्धी असताना परके भांडवल हा धोका असतो, भागीदार झाल्यावर ती संधी होते आणि वाटा विकावयाचा असेल तेव्हा तेच उत्तम गिऱ्हाईक ठरते. भांडवल तेच राहते, पाहणाऱ्याची बैठक बदलते.

राज्यकर्त्यांची बैठक तर याहून लवकर बदलते. जून १९९२ मध्ये अमेरिकेच्या एन्‍रॉन कंपनीशी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचा प्राथमिक करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. गुहागर तालुक्यात २,००० मेगावॉटहून अधिक क्षमतेचा प्रकल्प व्हावयाचा होता. जागतिक बँकेने १९९३ मध्येच त्यास पैसा पुरविण्याचे नाकारले होते. तरीही करार झाला, आणि त्यात काय होते? वीज घ्या अथवा न घ्या, ठरावीक आकार द्यावयाचाच. इंधन महागले तर भार मंडळावर, डॉलर महागला तरी भार मंडळावर. मंडळ चुकले तर राज्य सरकारची हमी आणि राज्य चुकले तर केंद्र सरकारची प्रतिहमी. बंधुभगिनींनो, १८४९ चे ते ५ टक्के आठवा. मधल्या काळात इंग्रज गेले, देश प्रजासत्ताक झाला. परंतु हमीचे ते कलम पुन्हा आले, आणि या खेपेस त्याखालील सह्या आपल्याच माणसांच्या होत्या.

विरोधी पक्षाने या करारावर रान उठविले, निवडणूक जिंकली, ३ ऑगस्ट १९९५ रोजी तो रद्द केला, आणि १९९६ च्या आरंभी त्याच सरकारने थोड्या फेरफारांनिशी पुन्हा मान्य केला. करार मोडल्यास देशाची पत जाईल, असे उद्योगक्षेत्रातील कित्येक प्रतिष्ठित बजावीत होते. करारातील आकडे मात्र फार थोड्यांनी वाचले होते. ते वाचण्याचे काम पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतील अभ्यासकांनी केले आणि भार कोणावर पडणार हे गणित मांडून दाखविले. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. ती न परवडल्यामुळे मे २००१ मध्ये मंडळाने घेणे थांबविले आणि त्याच डिसेंबरात एन्‍रॉन कंपनीचे अमेरिकेत दिवाळे वाजले. पुढे २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही सार्वजनिक क्षेत्राचा मोठा वाटा असलेली कंपनी काढून तो डोलारा सावरावा लागला. तेल कोणी नेले आणि पेंड कोणाच्या वाट्याला आली, हे आपल्या ज्ञातीला निराळे सांगावयास नको.

परंतु एन्‍रॉनवरून सर्वच परक्या भांडवलाला एका मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही. चाकणच्या मोटार कारखान्यांनी आपल्या मुलांस शिस्त दिली, यंत्रज्ञान दिले, आणि सुट्या भागांच्या कितीतरी देशी कारखान्यांस काम दिले. रानड्यांनी सांगितलेली विद्या ती हीच. तथापि जवळच तळेगावास जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये निघाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन बंद पडले. जानेवारी २०२४ मध्ये तो ह्युंदाई कंपनीने घेतला. एक परदेशी कंपनी गेली, दुसरी आली. यंत्रांना नवा धनी मिळाला. परंतु मधल्या तीन वर्षांत कामगारांच्या घरी चूल कशी पेटली, याची कलमे कोणत्या करारात होती?

दुकानदारीचेही तसेच. सप्टेंबर २०१२ मध्ये अनेक नाममुद्रांचा माल विकणाऱ्या दुकानांत ५१ टक्के परक्या भांडवलास परवानगी मिळाली. मोठ्या उद्योगसंघटनांनी तिचे स्वागत केले, छोट्या व्यापाऱ्यांनी बंद पाळले. अशी दुकाने रस्त्यावर फारशी आलीच नाहीत. परंतु २०१८ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टने फ्लिपकार्टमधील ७७ टक्के भाग सुमारे १,६०० कोटी डॉलरांस घेतले, आणि जे दारातून आले नाही ते दूरध्वनीच्या पडद्यातून आले. ती कंपनी स्थापणारे तरुण आपल्याच देशातील होते. परके भांडवल त्यांना भाग्यदाता वाटले असेल, तर त्यांच्या जागी ते स्वाभाविकच होय. आपल्या वाण्याच्या गल्ल्यावर बसलेल्या ज्ञातिबंधूस ते तसे वाटणार नाही, हेही तितकेच स्वाभाविक.

आता येणाऱ्या रकमेविषयी. १९९०-९१ मध्ये प्रत्यक्ष परकी गुंतवणूक वर्षाकाठी १० कोटी डॉलरांच्याही आत होती. २०२४-२५ मध्ये ती ८,१०० कोटी डॉलरांच्या घरात गेली आणि तिचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रास मिळाला. हा आकडा भाषणांतून आपण ऐकतो. परंतु त्याच वर्षी परदेशी गुंतवणूकदारांनी ५,००० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम परत नेली आणि आपल्या कंपन्यांनी २,९०० कोटींच्या आसपास बाहेर गुंतविली. रिझर्व्ह बँकेने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत निव्वळ शिल्लक १०० कोटी डॉलरांच्याही आत भरली. बाजार परिपक्व झाल्याचे हे लक्षण आहे, असे जाणते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. परंतु दुकानदार दिवसाची विक्री सांगून घरी जात नाही. तो गल्ला मोजतो. जमेची बाजू मोठ्याने वाचणे आणि खर्चाची बाजू पुटपुटणे, याला हिशेब म्हणत नाहीत. दादाभाईंनी आपणांस दुसरी बाजू वाचावयास शिकविले, तो धडा अद्याप जुना झालेला नाही.

या सर्वांतून आम्ही जे सार काढतो ते असे. धुरिणांचे मत ऐकावे, परंतु ते कोठे बसून बोलत आहेत हे आधी पाहावे. त्यांचे मत खोटे असते असे नव्हे. ते त्यांच्या जागेवरून खरे असते. आपली जागा निराळी, म्हणून आपण तीन प्रश्न स्वतः विचारावेत. तोटा झाला तर तो कोण भरणार? येथे जे मिळवले त्यातील विद्या आणि संपत्ती किती येथे राहणार? आणि जाताना ते कोणाचे देणे चुकवून जाणार? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर भांडवल सातासमुद्रापलीकडचे असले तरी आम्हांस वर्ज्य नाही. नसतील, तर ते शेजारच्या गल्लीतले असले तरी त्याचा मोह नको.

आता थोडे घरचे बोलतो, राग नसावा. आपल्या मंडळाच्या सभांतही असे ठराव येतात. एका वर्षी दुकानदार मंडळी निषेधाचा ठराव मांडतात. दुसऱ्या वर्षी एखाद्या नव्या कारखान्यात आपल्या मुलांना जागा मिळाव्यात म्हणून अभिनंदनाचा मांडला जातो. दोन्ही ठराव एकमताने संमत होतात, आणि मूळ करार कोणीच वाचलेला नसतो. मोलमजुरी करणारा, उधारीवर तेल नेणारा ज्ञातिबांधव तर सभेच्या मागच्या रांगेत बसलेला असतो आणि त्याचे मत कोणी विचारीत नाही. देशातील धुरिणांना आपण जो दोष देतो, तो आपल्या छोट्या घरातही आहे. यास्तव आमची सूचना अशी, की आपल्या भागात येणाऱ्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या अटी मराठीत जाहीर व्हाव्यात अशी मागणी मंडळाने करावी. वाणिज्य आणि कायदा शिकलेल्या आपल्या चार-दोन मुलामुलींनी त्या वाचून सोप्या भाषेत सभेपुढे ठेवाव्यात. आणि त्यानंतरच ठराव व्हावा, निषेधाचा असो की अभिनंदनाचा.

हे काम आपल्या ज्ञातीला परके नाही. संताजी महाराजांनी घाणाही चालविला आणि तुकोबांचे अभंगही लिहून ठेवले. धंदा करणाऱ्या माणसाने लेखणी दुसऱ्याच्या हाती सोपवावी, असे त्यांनी मानले नाही. धुरीण म्हणजे धुरा वाहणारा, असे आम्ही आरंभी म्हणालो. हमीचे कलम ज्याच्या नावावर असते, धुरा खरोखरी त्याच्याच मानेवर असते. आणि या देशात ते कलम पुष्कळदा तुमच्याआमच्या नावावर लिहिले गेले आहे. ज्याच्या मानेवर जू, त्याला वाट विचारण्याचा अधिकार आहे. तो अधिकार आपण वाचून, समजून आणि निर्भयपणे बजावावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.